एमबीए की लिबरल स्टडीज? आंतरराष्ट्रीय व्यवसाय-नेतृत्वाच्या पदव्युत्तर अभ्यासाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परदेशी खरेदीदार आणि पुरवठादार यांच्याशी व्यवहार करण्यात तुमची बारा वर्षे गेली आहेत, आता तीन देशांतल्या माणसांचा एक विभाग तुमच्याकडे सोपवला जाणार आहे, आणि अमेरिकेतील एका विद्यापीठाचा ‘लिबरल स्टडीज’मधला पदव्युत्तर अभ्यासक्रम तुमच्या पाहण्यात आला आहे, ज्यात आंतरराष्ट्रीय व्यवसाय-नेतृत्व हा विशेष अभ्यासाचा विषय आहे. तो करावा की सरळ एमबीए करावे, त्यात नेमके काय शिकवतात, आणि त्या पदवीला नोकरीच्या बाजारात किंमत काय, असे तुम्ही विचारले आहे. मी चौदा वर्षे निर्यातीच्या करारांचे काम केले आणि त्यानंतरची अकरा वर्षे अशाच एका अभ्यासक्रमात शिकवते, प्रबंध तपासते आणि प्रवेश समितीवर काम करते. या दोन्ही बाजू पाहिलेल्या असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी निष्कर्ष सांगते, म्हणजे पुढचे वाचताना त्याची पारख करता येईल. ज्याला वित्त, ताळेबंद, मूल्यांकन, विपणन ही कौशल्ये हवी आहेत किंवा एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात उडी मारायची आहे, त्याने एमबीए करावे. ज्याच्या कामातून एखादा प्रश्न उभा राहिला आहे, जो बढतीने किंवा अनुभवाने सुटलेला नाही आणि ज्याचे नेहमीचे उत्तर मनाला पटत नाही, त्याला लिबरल स्टडीजचा खरा उपयोग होतो. असा प्रश्न बरोबर न घेता आलेल्या विद्यार्थ्याला ही पदवी फार थोडे देते, हे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून विद्यापीठ निवडण्याआधी प्रश्न निवडा, असे मी प्रत्येकाला सांगते.

‘लिबरल’ या शब्दाने काहींचा गैरसमज होतो. त्याचा राजकीय उदारमतवादाशी संबंध नाही. लॅटिनमधल्या ‘आर्टेस लिबरालेस’ या जुन्या संज्ञेचा अर्थ स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्या असा होता, आणि मध्ययुगीन युरोपात त्यांत व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र अशा सात विद्या मोजल्या जात. आजच्या अर्थाने पाहिले तर इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र आणि विज्ञान यांचा एकमेकांना जोडून केलेला अभ्यास, असे त्याचे वर्णन करता येईल. पदव्युत्तर पातळीवर असा अभ्यासक्रम अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्लियन विद्यापीठात सुरू झाला, १९६२मध्ये जॉन्स हॉपकिन्सने तो उचलला, आणि १९७५मध्ये अशा अभ्यासक्रमांची एक राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. पहिल्यापासून ही पदवी नोकरी करणाऱ्या प्रौढांसाठी होती आणि आजही अनेक ठिकाणी तिचे वर्ग संध्याकाळी किंवा शनिवारी भरतात. साधारण तीस श्रेयांक, म्हणजे नऊ-दहा विषय, सुरुवातीला सर्वांना सक्तीचा असा एक आंतरविद्याशाखीय सेमिनार, आणि शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प, असा तिचा आराखडा असतो. नोकरी सांभाळून करणाऱ्याला दोन ते पाच वर्षे सहज लागतात.

व्यवसायातल्या माणसाने मानव्यविद्या का शिकाव्यात, हा प्रश्न नवा नाही. त्यावर झालेला सर्वांत बोलका प्रयोग अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीचा आहे आणि मी तो पहिल्याच आठवड्यात वर्गात मांडते. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीच्या लक्षात आले की वर चढत आलेले तिचे अनेक तरुण व्यवस्थापक आपापल्या तांत्रिक कामात तरबेज आहेत, पण त्या कामापलीकडचा निर्णय घ्यायची वेळ आली की अडतात. म्हणून १९५३च्या सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मदतीने एक खास संस्था उभी करण्यात आली. निवडक व्यवस्थापकांना दहा महिने कामातून पूर्ण मोकळे करून, पगार चालू ठेवून, इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य, कला आणि विज्ञान यांचे सुमारे साडेपाचशे तासांचे वर्ग देण्यात आले. वाचन तर सामान्य पदव्युत्तर विद्यार्थ्यापेक्षाही जास्त होते. परिणामांची तपासणी झाली तेव्हा हे लोक अधिक आत्मविश्वासाने विचार करू लागले आहेत, त्यांचे कुतूहल वाढले आहे, असे आढळले. त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट पुढे आली: कंपनीचा फायदा कुटुंबाच्या आणि समाजाच्या आधी ठेवण्याची त्यांची तयारी पूर्वीपेक्षा कमी झाली होती. कंपनीने हळूहळू हात आखडता घेतला आणि १९६०पर्यंत तो उपक्रम बंद झाला.

मी हे उदाहरण निवडते कारण त्यातून या शिक्षणाचे स्वरूप उघडपणे दिसते. हे शिक्षण माणसाला चांगला निर्णय घ्यायला शिकवत असेल, तर आपण कोणासाठी आणि कशासाठी निर्णय घेतो आहोत, हेही तो तपासून पाहणारच. तुमच्या वरिष्ठांनी शुल्क भरायची तयारी दाखवली असेल तर ही गोष्ट त्यांना ठाऊक असणे बरे, आणि तुम्हाला तर ती ठाऊक असायलाच हवी.

आता विशेष विषयाकडे येते. आंतरराष्ट्रीय व्यवसाय-नेतृत्व या नावाखाली जे शिकवले जाते त्यात साधारणपणे चार धागे असतात: जागतिक व्यापाराचा इतिहास आणि संस्था, निरनिराळ्या समाजांतील कायदा आणि कामगार-संबंध, आंतरसांस्कृतिक संवाद, आणि नेतृत्वाची नीती. पहिला धागा चांगल्या शिक्षकाकडे अतिशय उपयुक्त ठरतो. युद्धोत्तर चलनव्यवस्था ठरवणारी ब्रेटन वूड्सची १९४४ची परिषद, जकाती कमी करण्याविषयीचा गॅट हा १९४७चा करार, १९९५मधली जागतिक व्यापार संघटनेची स्थापना आणि १९५६मध्ये नेवार्कहून ह्यूस्टनला निघालेले कंटेनरचे पहिले जहाज हे सगळे एका कथानकात जोडले गेले की आपली रोजची बिले आणि वेळापत्रके कुठून आली ते कळते. चौथ्या धाग्याकडे पुढे येईन. पण मधल्या दोन धाग्यांवर जरा थांबणे भाग आहे, कारण या क्षेत्रातली सर्वांत मोठी चूक तिथेच होते आणि दुर्दैवाने काही अभ्यासक्रमच ती शिकवतात.

ही चूक म्हणजे ‘संस्कृती’ या शब्दाने सगळे समजावून टाकणे. गेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने आयबीएमच्या जगभरातील कर्मचाऱ्यांकडून १९६७ ते १९७३ या काळात भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा अभ्यास करून देशादेशांतील कामाविषयीच्या मूल्यांना गुण दिले. सत्तेतील अंतर, व्यक्तिवाद, अनिश्चितता टाळण्याची वृत्ती, अशा मोजपट्ट्या त्यातून आल्या. ते काम मोठे आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु त्या गुणांचा अर्थ देशांच्या सरासरीपुरता आहे, आणि तो एकाच कंपनीच्या नोकरदारांवरून काढलेला आहे. समोर बसलेल्या माणसाविषयी त्यावरून काही ठरवता येत नाही, हे स्वतः हॉफस्टेड यांनीही सांगितले होते. तरीही दर वर्षी माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांच्या पहिल्या मसुद्यांत या गुणांचा तक्ता असतोच, आणि त्याच्याखाली ‘म्हणून ते लोक असे वागतात’ असे वाक्य असते.

एक प्रसंग सविस्तर सांगते, म्हणजे माझा आग्रह कशासाठी आहे ते स्पष्ट होईल. पंप बनवणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागातला विद्यार्थी माझ्याकडे प्रबंधासाठी आला. परदेशातला एक पुरवठादार ओतीव भाग सतत उशिरा पाठवत होता आणि त्या समाजाची वेळेविषयीची कल्पनाच वेगळी आहे, असा त्याच्या मसुद्याचा सिद्धांत होता. तिसरे प्रकरण तर संपूर्णपणे वेळेच्या सांस्कृतिक जाणिवेवर होते आणि ते सुबक लिहिलेले होते. मी त्याला अठरा महिन्यांचा सगळा ईमेल-व्यवहार आणायला सांगितला आणि एका कागदावर पाच रकाने आखून दिले: ऑर्डरची तारीख, ड्रॉइंगमधील शेवटच्या बदलाची तारीख, आगाऊ रक्कम सुटल्याची तारीख, कबूल केलेली तारीख, आणि माल प्रत्यक्ष निघाल्याची तारीख. तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. उशीर झालेल्या अकरा खेपांपैकी आठ खेपांत ऑर्डर पक्की झाल्यानंतर त्याच्याच कंपनीच्या अभियंत्यांनी ड्रॉइंग बदलले होते, आणि आणखी दोन खेपांत आगाऊ रक्कम त्याच्याच लेखा विभागात अडकली होती. उरलेल्या एका खेपेचा दोष तेवढा पुरवठादाराचा होता.

पण हकिगत इथेच संपत नाही, आणि संस्कृतीला काहीच अर्थ नसतो असे सांगण्यासाठी मी ती सांगत नाही. ईमेल पुन्हा वाचताना त्याला एक शब्द वारंवार आढळला. ड्रॉइंग बदलल्याचे कळवल्यावर पुरवठादाराकडून दर वेळी ‘नोटेड’ असे एका शब्दाचे उत्तर येई. माझ्या विद्यार्थ्याच्या कार्यालयात त्याचा अर्थ ‘मान्य, त्याच तारखेला पाठवतो’ असा घेतला गेला होता. पुरवठादाराच्या बाजूने त्याचा अर्थ एवढाच होता की तुमचे पत्र मिळाले, नवीन तारखेविषयी तुम्ही विचाराल तेव्हा बोलू. मोठ्या ग्राहकाला आपणहून ‘आता तीन आठवडे जास्त लागतील’ असे सांगणे त्या कार्यालयात उद्धट मानले जात होते. म्हणजे सांस्कृतिक फरक खराच होता, पण तो वेळेच्या जाणिवेत नव्हता. कोणी कोणाला न विचारता काय सांगावे, यात होता, आणि तो एका शब्दावर बोट ठेवून दाखवता येत होता. विद्यार्थ्याने तिसरे प्रकरण काढून टाकले. आपल्या कंपनीमुळे झालेल्या विलंबाची नोंद कंपनीच्या कोणत्याच अहवालात का दिसत नाही, हा त्याच्या प्रबंधाचा नवा विषय झाला, आणि त्या वर्षी मी तपासलेल्या प्रबंधांत तो सर्वांत उत्तम होता.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर वॉलमार्टच्या जर्मनीतील अनुभवातून दिसते. कंपनी १९९७मध्ये तिथे गेली, वेर्टकाउफ आणि इंटरस्पार या दोन साखळ्यांची दुकाने तिने विकत घेतली, आणि २००६मध्ये ८५ दुकाने मेट्रो या जर्मन समूहाला देऊन ती बाहेर पडली. व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत याचे कारण नेहमी असे सांगतात की दारात उभे राहून हसणारे कर्मचारी जर्मन ग्राहकांना आवडले नाहीत. गोष्ट ऐकायला चांगली आहे आणि त्यात थोडे तथ्यही असेल. परंतु आल्डी आणि लिडल या स्वस्त दुकानांच्या जर्मन साखळ्यांनी किमती आधीच इतक्या खाली आणलेल्या होत्या की स्वस्ताई हे वॉलमार्टचे मुख्य बलस्थान तिथे बोथट झाले होते. २०००मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने दूध, लोणी, पीठ अशा वस्तू खरेदी किमतीच्या खाली विकण्यास वॉलमार्टला मनाई केली. आल्डी नॉर्ड आणि लिडल यांनाही त्याच सुमारास तशीच मनाई झाली. रविवारी दुकाने बंद ठेवण्याची कायद्याने सक्ती होतीच.

याच प्रकरणातला एक भाग मी वर्गात दोन पूर्ण संध्याकाळी घेते. कंपनीने आपली अमेरिकेतील आचारसंहिता जर्मनीतही लागू केली. तिच्यात कर्मचाऱ्यांमधील प्रेमसंबंधांवर बंधने होती आणि सहकाऱ्याच्या गैरवर्तनाची माहिती देण्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक होता. कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळाने न्यायालयात धाव घेतली, आणि २००५मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कामगार अपील न्यायालयाने प्रेमसंबंधांविषयीचे कलम व्यक्तिमत्त्वाच्या घटनादत्त हक्काविरुद्ध ठरवले. माहिती देण्याची योजना प्रतिनिधी मंडळाच्या संमतीशिवाय लागू करता येणार नाही, असेही सांगितले. आता हा निकाल समजून घ्यायचा तर काय काय वाचावे लागते, ते पाहा. कारखान्यांतील प्रतिनिधी मंडळे जर्मनीत १९२०च्या कायद्याने आली, नाझी राजवटीने ती मोडली आणि युद्धानंतर ती पुन्हा उभी राहिली, हा इतिहास आहे. १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे जर्मन राज्यघटनेत, मानवी प्रतिष्ठा पहिल्या कलमात का आली, हा इतिहासही आहे आणि तत्त्वज्ञानही. शेजाऱ्याने शेजाऱ्याची खबर देण्याची सक्ती नाझी आणि पूर्व जर्मनीच्या अशा दोन राजवटींत पाहिलेल्या समाजाला अशा दूरध्वनी क्रमांकाचे काय वाटेल, हा प्रश्न स्मृतीचा आणि साहित्याचा आहे. हे सगळे एकत्र वाचल्यावर ‘जर्मन लोकांना हसणे आवडत नाही’ हे स्पष्टीकरण किती तोकडे आहे ते विद्यार्थ्याला आपोआप उमगते, आणि आंतरविद्याशाखीय या अवजड शब्दाचा अर्थही त्याच वेळी लागतो.

उलट दिशेचे एक उदाहरण मी याला जोडते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. संप, भांडणे आणि वीस टक्क्यांच्या आसपास गैरहजेरी यांसाठी तो बदनाम होता, आणि १९८२मध्ये तो बंद झाला. तेथील कामगारच असे आहेत, असे व्यवस्थापनात उघड बोलले जाई. १९८४मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना न्युमी या नावाने पुन्हा सुरू झाला. संघटना तीच राहिली आणि कामगारही बहुतांश तेच होते. त्यांतल्या काहींना जपानमधल्या कारखान्यात नेऊन काम दाखवण्यात आले, आणि दोष दिसला की दोरी ओढून उत्पादनाची साखळी थांबवण्याचा अधिकार प्रत्येक कामगाराला देण्यात आला. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानी कारखान्यांच्या जवळ पोहोचला आणि गैरहजेरी काही टक्क्यांवर आली. नेतृत्वाच्या पुस्तकांत दूरदृष्टी, प्रेरणा, संवाद यांवर पुष्कळ पाने खर्च झालेली असतात. साखळी थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न मला त्या सगळ्यांपेक्षा अधिक शिकवणारा वाटतो. मात्र हे शहाणपण जनरल मोटर्सला आपल्या इतर कारखान्यांत नेणे फार वर्षे जमले नाही, आणि ते का जमले नाही, हा आजही प्रबंधाला पुरेल असा विषय आहे.

आता चौथ्या धाग्याविषयी, म्हणजे नीतीविषयी. इथे लाचलुचपतीचा कायदा शिकावा लागतो: १९७७चा अमेरिकेचा परदेशी भ्रष्टाचारविरोधी कायदा, १९९७चा ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचा करार, आणि २०१०चा ब्रिटनचा लाचखोरीविरोधी कायदा. नेहमीचे सरकारी काम लवकर व्हावे म्हणून दिलेल्या किरकोळ रकमेला अमेरिकी कायद्यात सूट आहे, ब्रिटिश कायद्यात नाही, असे फरक तुम्हाला कामात रोज लागतील. हा भाग कोणताही चांगला वकील तुम्हाला एका दिवसात समजावून देऊ शकेल. ज्यासाठी वर्ग आणि सहाध्यायी लागतात तो भाग वेगळा आहे.

बांगलादेशात सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या दिवशी खांबांना तडे गेलेले दिसले होते. त्याच इमारतीतील बँकेने आपल्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवले. वरच्या मजल्यांवरील शिलाई कारखान्यांच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी, म्हणजे कामगारांना कसे वागवले जाते याची पाहणी, आधी झालेली होती, पण त्या तपासणीच्या कक्षेत इमारतीची बांधणी येतच नव्हती. वर्गात मी विद्यार्थ्यांना पाच भूमिका देते: इमारतीचा मालक, कारखान्याचा व्यवस्थापक, दूरच्या देशातला खरेदी अधिकारी, तपासणीस, आणि शिलाई यंत्रावरची कामगार. प्रत्येकाने २३ एप्रिलच्या संध्याकाळी आपल्याला काय ठाऊक होते आणि आपल्या हातात काय होते, एवढेच लिहायचे असते.

या लेखनातून दर वेळी एकच गोष्ट उघडी पडते. खरेदी अधिकाऱ्याची भूमिका मिळालेला विद्यार्थी सुरुवातीला लिहितो की मला काहीच ठाऊक नव्हते. मग त्याला कोणीतरी विचारते की माल उशिरा आला तर दंड लावण्याचे कलम करारात कोणी घातले होते, आणि व्यवस्थापकाला तो दिवस सुट्टी देणे परवडले असते का? तेव्हा वर्गात शांतता पसरते. अशी कलमे मी स्वतः चौदा वर्षे लिहिली आहेत, त्यामुळे त्या शांततेचा अर्थ मला कळतो. त्या दुर्घटनेनंतर काही आठवड्यांतच अनेक ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक असा सुरक्षा करार झाला. त्याच्या अंमलबजावणीवरून दोन कंपन्यांविरुद्धचा वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे तडजोडीने मिटला. ऐच्छिक आचारसंहिता आणि लवादापुढे टिकणारा करार यांतला फरक नेत्याला कळायला हवा, आणि तो कळण्यासाठी कायदा व अंतःकरण दोन्ही जागे असावे लागते.

व्यवहाराच्या गोष्टी आता भराभर सांगते. ही पदवी बहुधा कला शाखेच्या किंवा निरंतर शिक्षण विभागाच्या अखत्यारीत असते; त्यामुळे विद्यापीठाच्या व्यवसाय शाखेला एएसीएसबी या व्यवसाय-शिक्षणाची पारख करणाऱ्या संस्थेची मान्यता असली तरी ती या पदवीलाही लागू आहे, असे गृहीत धरू नका. विद्यापीठाला संस्था म्हणून मान्यता आहे ना, हे अमेरिकी शिक्षण खात्याच्या अधिकृत यादीत पाहता येते. तुम्ही परदेशी विद्यार्थी म्हणून एफ-१ व्हिसावर जाणार असाल तर सर्वांत आधी विचारा की हा अभ्यासक्रम आवश्यक प्रवेश-कागदपत्र, म्हणजे आय-२०, देतो का. संध्याकाळच्या अर्धवेळ अभ्यासक्रमांपैकी अनेक देत नाहीत, आणि एफ-१ विद्यार्थ्याला पूर्णवेळ अभ्यासात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरता येतो. आणखी एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते: लिबरल स्टडीजचे वर्गीकरण स्टेमच्या, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या, यादीत येत नाही, त्यामुळे पदवीनंतर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासाठी बारा महिन्यांचीच मुदत मिळते, स्टेम पदवीधरांना मिळणारी चोवीस महिन्यांची वाढ मिळत नाही. विशेष विषयामुळे वर्गीकरण बदलते का, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. याउलट तुम्ही अमेरिकेत आधीच नोकरी करत असाल तर कंपनीची शिक्षण-सहाय्य योजना पाहा. अशा योजनेतून वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची रक्कम करमुक्त मिळू शकते, आणि एकेका विषयाचे शुल्क भरण्याच्या पद्धतीला ती चांगली जुळते.

पदवीच्या बाजारातील किमतीविषयी आडपडदा ठेवत नाही. केवळ नावावर नोकरी मिळवून देणारी ही पदवी नाही. भरती करणाऱ्यांना एमबीए म्हणजे काय ते ठाऊक असते, ही पदवी मात्र तुम्हाला समजावून सांगावी लागते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना तिचा पुढे उपयोग झाला, ते बहुतेक सगळे आधीच एखाद्या जबाबदारीच्या जागी होते, आणि त्यांचा प्रबंध त्यांच्या कामातल्या खऱ्या अडचणीवर होता. मुलाखतीत त्यांनी पदवीचे नाव फारसे घेतले नाही, त्या अडचणीविषयी सांगितले. ताळेबंद वाचता येत नसेल तर तो वेगळा शिकून घ्या; तो न शिकता तीन देशांचा विभाग चालवता येणार नाही, आणि हा अभ्यासक्रम तुम्हाला तो पुरेसा शिकवणार नाही.

अर्जासोबतच्या एसओपीविषयीही, म्हणजे आपला हेतू सांगणाऱ्या निवेदनाविषयीही, सांगते, कारण समितीत मी तो सर्वांत आधी वाचते. ‘जागतिक नेता होण्याची माझी आकांक्षा आहे’ असे लिहिलेल्या अर्जातून मला अर्जदाराविषयी काहीच कळत नाही. एकदा एका अर्जदार स्त्रीने फक्त एवढेच लिहिले होते की दोन देशांतले तिचे सहकारी एकाच बैठकीचे वृत्तांत लिहीत आणि त्यांत झालेले निर्णय वेगवेगळे असत. दोन्ही गट प्रामाणिक आहेत याची तिला खात्री होती आणि म्हणूनच तिला झोप लागत नव्हती. तिला प्रवेश देण्यासाठी समितीला चर्चा करावी लागली नाही.

तेव्हा पुढच्या काही दिवसांत एवढे करा. बारा वर्षांतली अशी एक घटना निवडा, जिचे तुमच्या कार्यालयात मान्य झालेले स्पष्टीकरण तुम्हाला आतून पटलेले नाही. ती एका पानात लिहा, त्यात ‘संस्कृती’ हा शब्द एकदाही वापरू नका, आणि तारखा, माणसांची पदे व कोण काय म्हणाले, एवढेच ठेवा. कंपनीची आणि माणसांची नावे गाळा. ते पान अभ्यासक्रमाच्या संचालकांना पाठवून दोन गोष्टी विचारा: या विषयावर मार्गदर्शन करू शकेल असा तुमच्याकडे कोण आहे, आणि गेल्या काही वर्षांत याच्या जवळपासचे कोणते प्रबंध झाले? उत्तरादाखल नुसती माहितीपुस्तिका आली तर दुसरे विद्यापीठ पाहा. एखाद्या प्राध्यापकाने तुमच्या पानावर खुणा करून, ‘इथे तुम्ही दुसऱ्या बाजूचे म्हणणे गाळले आहे’ असे लिहून ते परत पाठवले, तर तिथे अर्ज करा.